सायलेन्सर कुठल्या अंगाला?

केपटाउनहून फोन आला की आमच्या घरात सगळेच मोठ्याने बोलू लागतात. माणूस जितका लांब तितका आवाज चढवायचा, ही सवय अम्मीला ट्रंक कॉलच्या काळात लागली. आता व्हॉट्सअ‍ॅपवर समोर चेहरा दिसतो, तरी ती सुटलेली नाही. त्या रविवारी पडद्यावर फुफीचा मुलगा होता आणि त्याच्या मागे एक निळी गाडी. चाकं काढलेली, लाकडी ठोकळ्यांवर चढवलेली.

"भाईजान, पाइप बघा," तो म्हणाला. "दोन सेट आहेत. कुठला लावू?"

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. बी.एड.ला आम्हाला बालमानसशास्त्र होतं, सायलेन्सर नव्हता. पण अब्बांची येझदी अजून आमच्या पडवीत उभी आहे आणि तिच्या सायलेन्सरवरून गेलं वर्षभर आमच्या घरात काय चाललंय, हे त्याला माहीत होतं. त्याने मला का विचारलं याचं खरं कारण मात्र मला नंतर कळलं.

आपल्याकडून केपटाउनला जाणं काही नवं नाही. रायगड-रत्नागिरीच्या खाड्यांकाठचे कोकणी मुसलमान शंभराहून अधिक वर्षांपूर्वी तिकडे गेले, दुकानं टाकली आणि तिथलेच झाले. फुफी लग्न होऊन गेली त्याला आता तीस वर्षं होतील. मुलगा तिथेच जन्मला. मराठी त्याला येत नाही. कोकणी येते, पण अशी की क्रियापद इंग्रजीत जातं आणि शिवी तेवढी अस्सल राहते. त्याचं मोटार दुरुस्तीचं छोटं गॅरेज आहे आणि सहा वर्षं पैसे साठवून त्याने ही गाडी जुळवायला घेतली आहे.

गाडी कोब्रा. म्हणजे कोब्रासारखी. मूळ कोब्रा १९६२ मधली. इंग्लंडच्या ए.सी. कंपनीची हलकी उघडी गाडी घेऊन कॅरोल शेल्बी नावाच्या अमेरिकन शर्यतवाल्याने तिच्यात फोर्डचं आठ सिलिंडरचं इंजिन बसवलं. पुढे १९६५ मध्ये त्याहून मोठं, सात लिटरचं इंजिन आलं. खऱ्या कोब्रा जेमतेम हजारभर बनल्या. आज रस्त्यावर दिसतात त्या बहुतेक नकला, आणि त्या नकलांचा धंदा दक्षिण आफ्रिकेत चांगला रुजलेला आहे. डर्बन आणि पोर्ट एलिझाबेथच्या कारखान्यांतून अशा गाड्या थेट अमेरिकेला जातात. म्हणजे अमेरिकन गाडीची नक्कल आफ्रिकेत बनून अमेरिकेलाच विकली जाते. आपल्या हापूसची आठवण झाली, पण तो विषय वेगळा.

तर या गाडीची ओळख म्हणजे तिचे पाइप. आपल्या मोटारीचा धूर पोटाखालून मागे जातो. कोब्रात पुढच्या चाकामागून चार-चार नळ्या बाहेर येतात, एका जाड नळकांड्यात मिळतात, आणि ते नळकांडं दाराच्या खालून, उंबरठ्यासारखं, मागच्या चाकापर्यंत जातं. डावीकडे एक, उजवीकडे एक. शर्यतीसाठी हे सोयीचं होतं. गाडी जमिनीला चिकटलेली, खाली जागा नाही. वाट जितकी आखूड आणि सरळ तितका धूर लवकर मोकळा होतो, आणि काही बिघडलं तर गाडी न उचलता हात घालता येतो. नंतर ती सोय फॅशन झाली. १९६५ मध्ये कॉर्व्हेट या अमेरिकन स्पोर्ट्स कारला कंपनीच जादा पैसे घेऊन असे बाजूचे पाइप लावून देऊ लागली.

"दिसायला एक नंबर," मी म्हणालो. खरंच होतं ते.

तेवढ्यात पडद्यात फुफी आली. तिने काही न बोलता झगा वीतभर वर केला आणि डाव्या पायाची पोटरी दाखवली. मधोमध तपकिरी, कडेने गुलाबी, तळहाताच्या निम्म्याएवढा डाग. मुलाने एका मित्राची तसलीच गाडी फिरवायला आणली होती, आईला समुद्राकाठी नेलं होतं. उतरताना तिने पाय सरळ खाली टाकला. अशा गाडीतून उतरताना पाय आधी लांब बाहेर टाकायचा असतो, हे तिला कोण सांगणार? कोब्रावाल्यांमध्ये या डागाला साप चावला असं म्हणतात आणि तो अभिमानाने दाखवतात. फुफीला अभिमान वाटत नव्हता.

अम्मीने फोन माझ्या हातातून घेतला आणि स्वतःचा पाय पडद्यासमोर धरला. तिचा डाग चाळीस वर्षांचा आहे. आता तो मोसंबीच्या फोडीएवढा, पांढुरका आणि गुळगुळीत दिसतो. दोघी नणंद-भावजया सात समुद्रांपलीकडून एकमेकींच्या पोटऱ्या बघून हसत होत्या. आम्ही दोघं बाप्ये गप्प होतो.

अम्मीचा डाग येझदीचा. अब्बांनी ती १९८४ मध्ये घेतली. महाडहून पोलादपूरला दुकानावर जायला आणि क्वचित आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला. ज्यांनी जावा-येझदी चालवली असेल त्यांना सांगायला नको, पण पोरांसाठी सांगतो. म्हैसूरला बनणाऱ्या या गाडीला सिलिंडर एक, पण धुराच्या वाटा दोन, म्हणून सायलेन्सर दोन. दोन्ही अंगांना एकेक लांब, चकचकीत. दिसायला तोल सुंदर. पण बाई बसणार डावीकडे दोन्ही पाय सोडून, आणि तिथेही सायलेन्सर. त्या काळात आमच्या मोहल्ल्यात किती बायकांच्या पायावर हा शिक्का होता! आधी टूथपेस्ट लावायची, मग हळद. आता डॉक्टर सांगतात की वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं धरा आणि दुसरं काही लावू नका. साठ अंशांचं पाणी पाच सेकंदांत कातडी खोलवर भाजतं, आणि सायलेन्सर तर पाण्याच्या उकळीच्याही पुढे गेलेला असतो.

मी केपटाउनच्या दोन्ही सेटचे फोटो घेऊन आमच्या मिस्त्रीकडे गेलो. हा माणूस फोटो बघत नाही, फोटोतलं वेल्डिंग बघतो. त्याने विचारलं, "आत काय आहे? ग्लासवूल की कप्पे?"

त्या दिवशी मला पहिल्यांदा नीट कळलं की सायलेन्सरचे घराणे दोन. पहिल्यात भोकाभोकांची नळी आणि तिच्याभोवती काचेची लोकर ठासून भरलेली. आवाज भोकांतून लोकरीत शिरतो आणि तिथे जिरतो. वाट सरळ, म्हणून इंजिन मोकळं. पण असला सायलेन्सर कर्कश सूर खातो, खर्ज तसाच सोडतो, आणि काही वर्षांत लोकर जळून, उडून जाते. मग गाडी दरवर्षी थोडी थोडी ओरडू लागते. मालकाला कळत नाही, कारण तो रोज ऐकतो. दुसऱ्यात आत पत्र्याच्या भिंती आणि कप्पे. आवाजाची लाट भिंतीवर आपटून परत येते आणि मागून येणाऱ्या लाटेला मारते. खर्ज इथे दबतो. धुराला मात्र वळणं घ्यावी लागतात आणि जागा जास्त लागते.

आणि बाजूच्या पाइपाचं दुखणं नेमकं जागेचं आहे. दोन चाकांच्या मधली लांबी आणि दाराखालची जाडी, त्यात जे काही मावेल तेच. शिवाय आठ सिलिंडरच्या त्या जातीच्या इंजिनात एका बाजूच्या चार सिलिंडरांचे स्फोट सारख्या अंतराने होत नाहीत, अडखळत होतात. गाडीखालून पाइप नेले तर दोन्ही बाजू मध्ये एका नळीने जोडता येतात आणि ते अडखळणं बरंच सपाट होतं. डावा डावीकडे आणि उजवा उजवीकडे गेला की जोडणार कसं? म्हणून ती प्रसिद्ध गुरगुर. लोक जिच्यावर जीव टाकतात ती गुरगुर म्हणजे दोन भाऊ एकमेकांशी न बोलता एकाच घरात राहतात त्याचा आवाज आहे.

मिस्त्रीने आणखी एक गोष्ट सांगितली आणि मी ती वर्गात वापरलीसुद्धा. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. गाडी लांब पळाली तर ते वाफ होऊन जातं. गल्लीतल्या गल्लीत फिरवली तर सायलेन्सरमध्येच साचतं आणि पत्रा आतून सडवतं. बाहेरून आपण पॉलिश मारत बसतो. आमच्याकडचा पाऊस काय आणि केपटाउनची खारी हवा काय, साधा पत्रा घेऊ नको, स्टेनलेस घे, एवढं मी लगेच कळवून टाकलं. हा सोपा भाग होता.

मग मी नियम शोधले. मास्तर आहे, पुस्तकात काय लिहिलंय ते बघितल्याशिवाय चैन पडत नाही. आपल्या १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत मोटारीच्या धुराबद्दल एक छोटं वाक्य आहे. धूर खाली सोडायचा नाही आणि गाडीच्या डाव्या अंगालाही सोडायचा नाही. मी ते दोनदा वाचलं. डावीकडे का नाही? कारण आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालवतो. डावीकडे फुटपाथ असतो, एस.टी.ची वाट बघणारी माणसं असतात, कडेवरचं मूल असतं, मूल नेमकं पाइपाच्या उंचीवर आणणारी बाबागाडी असते. ज्याने हे वाक्य लिहिलं त्याच्या डोळ्यांसमोर गाडी नव्हती, गाडीच्या बाजूला उभं असलेलं माणूस होतं. त्याच नियमांत इंधनाची नळी आणि धुराचा पाइप यांच्यात ३५ मिलिमीटर अंतर हवं असंही आहे, ते मी भावाला वेगळं कळवलं. दक्षिण आफ्रिकेतही गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात. त्यांचा कायदा काय म्हणतो ते त्याने बघावं, पण फुटपाथ तर त्याच बाजूला आहे. आणि उघड्या गाडीत काचेमागे हवा आत ओढली जाते, दाराखालचा धूर तीबरोबर आत येतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

एवढं सगळं मी त्याला लिहून पाठवणार होतो. लिहायला बसलो आणि थांबलो, कारण बाहेर येझदी सुरू झाली.

आता ती गोष्ट सांगायला हवी. २२ जुलै २०२१ ला महाडात काय झालं ते वाचकांना माहीत आहे. सावित्री आणि गांधारी दोन्ही चढल्या, बाजारपेठ पाण्याखाली गेली, आणि त्याच दिवशी वर तळियेत दरड कोसळली. आमच्या गल्लीत पाणी जिन्याच्या पायऱ्या मोजत वर आलं. शेजारच्या काकू आमच्या माडीवर होत्या, त्यांचं घर एकमजली. खाली अंधारात भांडी, कपाटं, सिलिंडर एकमेकांवर आपटण्याचे आवाज रात्रभर येत होते. प्रत्येक आवाजाला काकू विचारायच्या, "माझं घर का हो ते?" अम्मी त्यांचा हात धरून बसली होती.

येझदी दोन दिवस बुडून होती. चिखल टाकीत, चिखल इंजिनात, दोन्ही सायलेन्सर चिखलाने गच्च. भंगारवाला वजनावर घ्यायला तयार होता. अब्बा जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. मला ती द्यायला जमलं नाही. मिस्त्रीने हळूहळू इंजिन उभं केलं, पण डावा सायलेन्सर आतून सडला होता, बोट घातलं तर पत्रा चुरगळला. जुनी कंपनी १९९६ मध्येच बंद झाली. आता येझदी नावाची नवी गाडी मिळते, पण तिचा सायलेन्सर हिला चालत नाही. गेल्या वर्षी पुण्याहून दोन जोड्या बघायला मागवल्या. एक मूळ घाटाची, लांब, आत काढता-घालता येणारी जाळी असलेली. दुसरी आखूड, मोकळी. पोरं तिला फटाका म्हणतात.

माझा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. त्याला फटाका हवा होता. मी मूळ घाटाची घेतली. त्याने वाद घातला नाही, आणि तेव्हाच मला शंका यायला हवी होती. पंधरा दिवसांनी त्याने दोन्ही जाळ्या काढून ठेवल्या.

टू-स्ट्रोक इंजिनात सायलेन्सर हा नुसता तोंडावरचा रुमाल नसतो, तो इंजिनाचा भाग असतो. धुराबरोबर थोडं ताजं पेट्रोलही बाहेर निसटतं, आणि सायलेन्सरच्या टोकावरून परत येणारी लाट त्यातलं काही पुन्हा आत ढकलते. जाळी काढली की आवाज वाढतो आणि खालच्या वेगात ओढ कमी होते. मिस्त्रीच्या भाषेत, पिकअप मरतो. मुलाला हे मी समजावलं. तो म्हणाला, "अब्बू, पण गाडी जिवंत वाटते." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण मलाही वाटली होती.

दंडाची भीती घालून बघितली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर आवाजाच्या गुन्ह्याला पहिल्याच वेळी दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, शिवाय तीन महिने लायसन्स जातं. मोठ्या शहरांत पोलीस जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडून त्यांवरून रोड रोलर फिरवतात, तो व्हिडिओ दाखवला. त्याने तो मित्रांना फॉरवर्ड केला.

आणखी एक गोष्ट होती, जी मी त्याला बोललो नाही, पण इथे लिहितो, कारण इथे वाचणाऱ्या बऱ्याच बापांच्या मनात ती असते. चौकातून मोठा आवाज करत गेलेल्या दहा पोरांपैकी आपलं पोर लोकांना जास्त लक्षात राहील, असं मला वाटतं. हे खरं आहे की माझ्या मनातली भीती आहे, मी तपासलेलं नाही. पण त्या भीतीवर मुलाला वाढवायचं नाही, असं मी आणि माझ्या पत्नीने तो लहान असतानाच ठरवलं होतं. म्हणून गप्प राहिलो. गप्प राहण्यात थोडा भित्रेपणाही होता.

मग एक दिवस काकू आल्या. हातात वाटी, आंबोळ्यांसाठी थोडं उडीद हवं होतं. जाता जाता दारात थांबल्या आणि विचारलं, "तुमची गाडी बिघडलीय का हो?"

"नाही, का?"

"काही नाही. रात्री येते ना ती, तेव्हा मी उठून बसते. मला वाटतं खाली काहीतरी आपटतंय." आणि लगेच, "पोरगं चांगलं आहे तुमचं, त्याला नका बोलू." आणि गेल्या.

मुलगा आत जेवत होता. त्याने ऐकलं होतं. मी काही बोललो नाही, अम्मीही नाही, आणि आमच्या घरात अम्मी न बोलणं ही बातमी असते.

दोन दिवसांनी मागच्या अंगणात धूर दिसला. मुलाने चुलीत त्या दोन्ही जाळ्या टाकल्या होत्या. टू-स्ट्रोकच्या तेलाची काजळी जाळीवर डांबरासारखी बसते आणि आगीत लाल केल्याशिवाय सुटत नाही. अब्बा दर उन्हाळ्यात हेच करायचे, याच चुलीवर, आणि अम्मी हाच शब्द वापरून ओरडायची. लाल झालेल्या जाळ्या त्याने चिमट्याने काढल्या, गार होऊ दिल्या, तारेच्या ब्रशाने घासल्या आणि परत बसवल्या. वरचा स्क्रू आवळून घेतला. मी खिडकीतून बघत होतो. आता गाडी सुरू झाली की ठक-ठक-ठक असा सुका आवाज येतो, लाकडाच्या वखारीत कुणी फळ्या रचत असल्यासारखा. तोच आवाज त्या संध्याकाळी बाहेरून आला आणि मी लिहायचा थांबलो.

भावाला मग लांब पत्र लिहिलंच नाही. फोन केला. म्हटलं, मला एकच सांग, गाडीत तुझ्या बाजूला कोण बसणार आहे?

"अम्मी," तो म्हणाला. आणि मग खरं कारण बाहेर आलं. फुफीने शपथ घेतली होती की त्या पाइपाच्या गाडीत ती पुन्हा बसणार नाही, आणि गाडी निम्मी तिच्याच पैशांची. भाईजान सांगेल ते मान्य, असं दोघांनी ठरवलं होतं. मला पंच केलं होतं आणि सांगितलं नव्हतं.

त्याची बाजूही मी ऐकली. पाइपांवर भोकांचं स्टीलचं कवच लावता येतं, मध्ये हवेची फट ठेवून. पाइपाला सिरॅमिकचा लेप देता येतो, त्याने वरचं तापमान बरंच उतरतं. दोन्ही उपाय खरे आहेत आणि फक्त त्याचीच पोटरी असती तर मी हो म्हटलं असतं. तिसरा उपाय त्याने हळूच सुचवला. बाजूला नुसते शोभेचे पोकळ पाइप, खरा धूर खालून. याला मी साफ नाही म्हणालो. नकलेची नक्कल कशाला?

त्याचा शेवटचा मुद्दा जोरदार होता. "पण भाईजान, असली कोब्राला बाजूलाच असतात." इथे माझं वाचन कामी आलं. सात लिटरच्या कोब्रात शर्यतीच्या आणि अर्ध्या शर्यतीच्या गाड्यांना बाजूचे पाइप होते. रस्त्यावर चालवायला साध्या गिऱ्हाइकाला विकल्या, त्या बहुतेकांना धुराची वाट गाडीखालून मागेच होती. म्हणजे खालून नेलास तर तू नियम मोडत नाहीस, उलट रस्त्यावरच्या कोब्राला जास्त इमानदार राहतोस. तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मला माहीत होतं ते." आणि हसला.

त्याने खालून नेला. कप्प्यांचे दोन सायलेन्सर, स्टेनलेसचे, दोन्हींच्या मध्ये जोडनळी. त्यासाठी गाडी दीड इंच वर उचलावी लागली आणि त्याचं त्याला अजून वाईट वाटतं. बाजूच्या पाइपांचा सेट गॅरेजच्या भिंतीवर टांगला आहे, शिकारीच्या शिंगांसारखा.

गेल्या शुक्रवारी त्याने व्हिडिओ पाठवला. गुरगुर आहे, पण बाजूला उभं राहून बोलता येईल एवढी. गाडी थांबते, दार उघडतं आणि फुफी उतरते. दाराखाली आता काहीच नाही, तरी ती झगा मुठीत धरते आणि पाय लांब, फार लांब टाकते. अम्मीने व्हिडिओ माझ्या हातातून घेतला आणि पडद्याला तोंड लावून ओरडली, "अजून लांब टाक!"